माफी कशाची मागतेस?

ताई, माझं वय 38. लहानपणापासून प्रार्थना, उपासना, शास्त्रवाचन सगळं नेमानं करते. देव आपला पिता आहे हे तोंडपाठ आहे, पण मी त्याची लाडकी आहे असं कधी वाटलंच नाही. माझे वडील फार कडक होते, त्यामुळेच असेल. धाकटा भाऊ दोन वर्षं मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, फिरकला नाही आणि आता परत येऊन म्हणतो, 'बापानं मला जपलं.' मला राग येतो. मी रोज पहाटे सगळ्यांसाठी मागते, शेवटी 'तुझा फार वेळ घेतला, माफ कर' म्हणून उठते. माझं कुठे चुकतंय?
— परकी

प्रिय परकी,

वडिलांवर तू दीड पान लिहिलंस (इथे ते छापलेलं नाही). ते वाचून मी बाजूला ठेवलं. थबकले ती तू जाता जाता लिहिलेल्या वाक्यापाशी. 'तुझा फार वेळ घेतला, माफ कर.' अगं, हे कोण कुणाला म्हणतं? साहेबाच्या केबिनमधून निघताना म्हणतात. लेक बापाच्या शेजारून उठताना असं म्हणाली, तर त्या बापाला काय वाटेल?

बसताना त्याला पिता म्हणतेस आणि उठताना साहेब करून टाकतेस. मग लाडकी असल्यासारखं वाटणार कसं?

भावाचा विषय काढलास म्हणून बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, 15व्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट पुन्हा बघ. धाकटा मुलगा आपली वाटणी उधळून घरी परततो, तो वाटेत भाषण जुळवून येतो. त्यातलं शेवटचं वाक्य असतं, मला तुमच्या एखाद्या चाकरासारखं ठेवा. प्रत्यक्षात ते त्याच्या तोंडून निघतच नाही, त्याआधीच बाप झगा आणा, अंगठी आणा म्हणत नोकरांना पिटाळतो. थोरला मात्र घर सोडून कुठेच गेलेला नाही. आणि तो काय म्हणतो? इतकी वर्षं तुमची चाकरी केली, पण मित्रांबरोबर मजा करायला साधं करडूही दिलं नाहीत. बाप म्हणतो, बाळा, तू कायम माझ्यापाशीच आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच. म्हणजे करडू घरातच होतं! त्यानं कधी मागितलं होतं का? गोष्टीत तरी तसं कुठे नाही.

तू मागितलंस? सगळ्यांसाठी मागतेस, आणि स्वतःसाठी? पत्रात एक शब्द नाही. तुला ही नम्रता वाटते. मला त्यात थोडी घमेंड दिसते, राग आला तर येऊ दे. 'मला काही लागत नाही' म्हणणारी लेक बापाला दारातच उभं करते.

रक्षणासाठी तुला काहीच करायचं नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात (32:10) म्हटलंय, देवानं आपल्या लोकांना डोळ्यातल्या बाहुलीसारखं जपलं. बाहुली काय पापणीकडे अर्ज करते? कण आत जायच्या आधी पापणी मिटलेली असते. लाडांचं तसं नाही. ते पुरवून घ्यावे लागतात.

मागून नाही मिळालं तर, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत मिळून 'अब्बा', म्हणजे बाबा, हा शब्द एकदाच येतो, मार्क 14:36 मध्ये. येशू अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना ही हाक मारतो. त्या हाकेपाठोपाठच मागणं आहे, हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, माझ्यापासून दूर कर. स्वतःसाठी मागणं! प्याला दूर झाला नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण थोड्या वेळानं येशू तेच शब्द घेऊन पुन्हा बापाकडे गेला. मघाशी वेळ घेतला म्हणून माफी मागितल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

उद्या पहाटे ती लांबलचक यादी तशीच राहू दे. आजारी माणसं, भाऊ, मंडळी, सगळे एक दिवस थांबतील. तो त्यांचाही बाप आहे. तू फक्त स्वतःसाठी एक गोष्ट माग. मोठी, पवित्र वगैरे नको. मागायला लाज वाटेल इतकी क्षुल्लक. रात्रभर सलग झोप, किंवा काही काम नसताना कुणाचा तरी सहज आलेला फोन. मागितलंस की ऊठ. माफीचं वाक्य सवयीनं ओठांवर येईल, ते गिळ. गिळता आलं नाही तर उठूच नकोस. बस तिथेच, आणि घे त्याचा वेळ.

तुझी,
ताई