पंक ऐकायचंय? आधी कात्री ओळख

पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं बंडखोर रॉक संगीत, नुसतं ऐकू नकोस; रेकॉर्डची कव्हरं नीट निरखून बघ. बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडचं १९७७ चं 'ऑर्गॅझम ॲडिक्ट' घे: बाईच्या उघड्या अंगावर डोक्याच्या जागी चक्क कपड्यांची इस्त्री! लिंडर स्टर्लिंगनं मासिकांतली चित्रं कापून ते जुळवलं. आता शेजारी बर्लिनच्या दादावादी चित्रकार हाना ह्योखची, १९२० च्या आसपासची फोटोमोंताज, म्हणजे फोटो कापून जुळवलेली चित्रं, ठेव. तीच कात्री, तोच राग. दादावादी म्हणजे प्रस्थापित कलेची खिल्ली उडवणारे कलाकार. पहिल्या महायुद्धाचा उबग आलेल्या या मंडळींनी १९१६ साली झुरिकच्या काबारे व्होल्तेर या नाइटक्लबमध्ये निरर्थक ध्वनींच्या कविता म्हटल्या होत्या. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका बँडनं पुढे त्या क्लबचंच नाव घेतलं. सेक्स पिस्टल्स या पंक बँडची कव्हरं करणाऱ्या जेमी रीडवर मात्र सिच्युएशनिस्टांचाही, म्हणजे ग्राहकवादावर तुटून पडणाऱ्या युरोपातल्या कलाकार-विचारवंतांच्या गटाचाही, मोठा प्रभाव, हे विसरू नकोस. आणि रविवारी जुनी वर्तमानपत्रं, कात्री, डिंक घेऊन स्वतः एक कव्हर करून बघच.