एकाच नावाची मोठी माणसं: आधी विचारा, "कोना पोऱ्या शे?"

तुमचा प्रश्न असा आहे की इतिहासात एकाच नावाची प्रसिद्ध माणसं कोण कोण आहेत, एवढी सेम नावं आली कुठून, आणि वाचताना डोक्यात ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काय करायचं. मी चाळीसगाव तालुक्यातला, घरी कापसाची शेती, आणि संध्याकाळी गावातल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींना इतिहास शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी घरातलं सांगतो. आमच्या गावात माझ्या वडिलांच्या नावाचा अजून एक माणूस आहे, आणि नुसतं नाव नाही, बापाचं नाव आणि आडनाव पण तेच, भाऊबंदकीतलेच. चार वर्षांपूर्वी पीकविम्याचे आमचे साडेअकरा हजार त्यांच्या खात्यावर गेले. माणूस सरळ, त्यांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, पण कागदावर दुरुस्ती व्हायला पाच महिने लागले कारण ऑफिसातल्या यादीत दोघं एकच दिसायचे. माझी आजी मात्र या दोघांत जन्मात कधी चुकली नाही. दारात कोणीही नवीन पोरगं आलं की तिचा पहिला सवाल ठरलेला, "कोना पोऱ्या शे रे तू?" म्हणजे कोणाचा मुलगा. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा सवाल, "कोनता गावना?" आणि माणूस गावातलाच असला तर कुठल्या गल्लीचा. आमचे वडील तिच्यासाठी 'मळ्यातले' आणि ते दुसरे 'वेशीवरचे'. मी पोरांना इतिहास शिकवतो तो या दोन सवालांवर, आणि खरं सांगतो, नव्वद टक्के गोंधळ तिथेच सुटतो.

आता सेम नावं आली कुठून. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची जुनी पद्धत, मोठं कारण तेच. पेशव्यांचं घराणं बघा, बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, त्यांचा मुलगा परत बाळाजी. पुढे बाजीरावांचा दुसरा मुलगा रघुनाथराव, आणि त्यांच्या मुलाचं नाव परत बाजीराव. म्हणजे पहिले आणि दुसरे बाजीराव हे सख्खे आजोबा-नातू, हे सांगितलं की वर्गातली निम्मी पोरं चकित होतात कारण पुस्तकात दोघांच्या मधे शंभर पानं असतात. आणि दोघांचा शेवटचा प्रवास आपल्या खानदेशाच्या वरच्या अंगालाच, नेमाडात आहे. पहिले बाजीराव १७४० मधे नर्मदेच्या काठी रावेरखेडीला गेले (आमच्याकडे बरेच लोक हे आपलं जळगाव जिल्ह्यातलं केळीवालं रावेर समजतात, ते नाही, ही रावेरखेडी मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात, म्हणजे गावांची नावं पण फसवतात), आणि दुसरे बाजीराव जून १८१८ मधे असीरगडाजवळच्या ढोलकोटला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. आजोबा मोहिमेवर असताना गेला आणि नातवाने राज्य सोडलं. परीक्षेला नुसतं 'बाजीराव' असं आलं तर साल बघितल्याशिवाय पेन उचलू नका.

छत्रपतींच्या घराण्यात तर हे अजून खोल आहे. शिवाजी महाराजांचे दोन नातू, दोघांचंही नाव शिवाजी. संभाजीराजांचा मुलगा शिवाजी, जो मोगलांच्या कैदेत वाढला आणि ज्याला आपण शाहू म्हणून ओळखतो, आणि राजाराम महाराज-ताराबाईंचा मुलगाही शिवाजी. १७०७ मधे शाहू सुटून खानदेशातून खाली आले तेव्हा गादीसाठी समोरासमोर उभे राहिलेले दोघंही एकाच आजोबाच्या नावाचे होते. ताराबाईंनी तर सांगितलं की हा खरा शाहू नाहीच, तोतया आहे. मग मराठा सरदार परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या ताटात जेवून लोकांना पटवलं की हे खरे आहेत. बघा, तिथे पण शेवटी सवाल तोच होता, कोणाचा मुलगा.

आणि शाहूंचा विषय निघालाच आहे तर सर्वात जास्त मार्क जातात ती जोडी सांगतो. साताऱ्याचे शाहू, १६८२ ते १७४९, ज्यांच्या काळात पेशवाई वर आली. कोल्हापूरचे राजर्षी शाहू, १८७४ ते १९२२, ज्यांनी १९०२ मधे संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. दोघांच्या जन्मात जवळपास दोनशे वर्षांचं अंतर. गंमत नाही, मला हे फार महत्त्वाचं वाटतं की जन्माचं नाव दोघांचंही शाहू नव्हतं, साताऱ्याचे शिवाजी आणि कोल्हापूरचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, जे १८८४ मधे दत्तक आले. म्हणजे नाव सेम असलं तरी ते नाव मिळण्याची वाट दोघांची वेगळी.

पण आजीचा पहिला सवाल कधीकधी फेल जातो, जसा आमच्या वडिलांच्या बाबतीत गेला. नानासाहेब पेशवे घ्या. कोणाचा मुलगा? बाजीरावांचा. कोणते नानासाहेब? तर दोघंही! एक पुण्याचे, बाळाजी बाजीराव, पहिल्या बाजीरावांचे मुलगे, पानिपतानंतर १७६१ मधे पर्वतीवर गेले. दुसरे बिठूरचे, धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलेले, ज्यांचं पेन्शन इंग्रजांनी बंद केलं आणि जे १८५७ च्या लढ्यात उतरले. इथे दुसराच सवाल कामाला येतो, कोणत्या गावचे, पुणे की बिठूर. नाना फडणवीस अजून तिसरे, त्यांचं खरं नाव पण बाळाजीच, बाळाजी जनार्दन भानू. आमच्या खानदेशात तर प्रत्येक घरात एक नाना, एक आप्पा, एक बापू असतोच, त्यामुळे आमच्या पोरांना हे लवकर समजतं.

युरोपवाल्यांनी नावापुढे नंबर लावून सोडवलं, लुई सोळावा, हेन्री आठवा वगैरे. आपल्याकडे नंबर नंतर इतिहासकारांनी लावले, त्या माणसांना स्वतःला कोणी 'दुसरे' म्हणून हाक मारत नव्हतं. बाहेरच्यांत एकच सांगतो, अमेरिकेतले मार्टिन ल्यूथर किंग. त्यांच्या वडिलांचं नाव मायकल, मुलाचंही मायकलच होतं, पण वडील १९३४ मधे जर्मनीला जाऊन आले आणि तिथल्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरवरून दोघांची नावं बदलली. तिथे नाव सेम असणं योगायोग नाही, ठरवून घेतलेलं आहे.

आता आपल्या खानदेशाकडे येतो, कारण इथल्या जोड्या पुस्तकात एकत्र सापडत नाहीत.

बहादूर नावाचं बघा. खानदेशचा शेवटचा फारुकी सुलतान बहादूर, ज्याने जानेवारी १६०१ मधे अकबराला असीरगड दिला. त्याच्या पाचच महिने आधी, ऑगस्ट १६०० मधे, अहमदनगर पडलं, तिथला लहानगा राजा बहादूर निजामशाह, ज्याच्यासाठी चांदबीबी लढली. दोन बहादूर, दोघांना हरवणारा एकच अकबर, आणि दोघांनाही कैदी म्हणून पाठवलं ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे, मग दोन ठिकाणी तपासून घेतलं. याशिवाय गुजरातचा बहादूरशाह, १५३७ मधे दीवला पोर्तुगीजांशी झटापटीत समुद्रात गेला, औरंगजेबाचा मुलगा बहादूरशाह, आणि रंगूनला १८६२ मधे वारलेले बहादूरशाह जफर. पाच झाले.

मल्हारराव होळकर पण तसेच. थोरले मल्हारराव लहानाचे मोठे झाले आपल्या तळोद्याला, मामा भोजराज बारगळांकडे. आणि यशवंतराव होळकरांचा मुलगा, तोही मल्हारराव, इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरली तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा, त्याच्या नावाने जानेवारी १८१८ मधे मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढच्याच महिन्यात थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रजांनी किल्लेदाराला फाशी दिलं. एका मल्हाररावाला या मातीने वाढवलं आणि दुसऱ्या मल्हाररावाच्या नावावर ती गेली, तापीकाठी उभं राहून हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

आता माझी सर्वात आवडती जोडी, भास्कराचार्य. पहिले भास्कर सातव्या शतकातले, ६२९ मधे आर्यभटाच्या ग्रंथावर भाष्य लिहिलं, कोष्टकाशिवाय कोनाची 'ज्या' (म्हणजे साइन) काढायचं सूत्र दिलं, आणि सामान्य माणसाला त्यांचं नावही माहीत नाही कारण पाचशे वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भास्करांनी ते नाव पूर्ण व्यापून टाकलं. दुसरे म्हणजे 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिणारे, जन्म शके १०३६, म्हणजे १११४. यांनी तर माझ्या आजीच्या दोन्ही सवालांची उत्तरं स्वतःच श्लोकात लिहून ठेवलीत, वडील महेश्वर, गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. ते विज्जडविड नेमकं कुठलं यावर विद्वानांत वाद आहे, पण आमच्या चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवी, तिथल्या पाटणे गावात डॉ. भाऊ दाजींना शिलालेख सापडला. त्यात १२०७ मधे भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ काढल्याचं आहे, आणि पिढ्यांची यादी आहे. त्या यादीत वरच्या पिढीत अजून एक भास्करभट्ट आहेत, भोजराजाने ज्यांना विद्यापती पदवी दिली ते. म्हणजे एकाच दगडावर दोन भास्कर. दगडावर वंशावळ कोरणाऱ्याला पण हेच सांगायचं होतं ना, कोणाचा कोण. आणि इस्रोचे जे उपग्रह १९७९ आणि १९८१ मधे अवकाशात गेले त्यांची नावं भास्कर-१ आणि भास्कर-२.

त्या नातवाचं नाव चांगदेव. हो, चांगदेव! यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आणि आपल्या जिल्ह्यात दुसरे चांगदेव योगी, तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांच्या नावाचं गाव आणि देऊळ आहे, ज्यांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचं उत्तर दिलं आणि ज्यांना मुक्ताईने शिष्य केलं. माझ्याकडची पोरं दरवर्षी या दोघांना एक करतात, कारण योगी चौदाशे वर्षं जगले अशी कथा सगळ्यांनी ऐकलेली असते, मग मठ पण त्यांनीच काढला असणार असं धरून चालतात. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६, मठाचा शिलालेख १२०७, हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले की फरक दिसतो.

आणि बहिणाबाई. याबद्दल मी जरा चिडूनच बोलतो कारण एका जयंतीच्या कार्यक्रमात बॅनरवर नाव आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचं आणि खाली ओळ 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' अशी मी स्वतः बघितलीय. ती ओळ संत बहिणाबाईंची. त्या १६२८ च्या, कन्नड तालुक्यातल्या देवगावच्या, तुकोबांच्या शिष्या, स्वतःचं आयुष्य अभंगात लिहून गेल्या, समाधी शिऊरला. आमच्या बहिणाबाई चौधरी १८८० च्या, नागपंचमीचा जन्म, तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, अक्षर येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर तोंडाने रचायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर लिहून घ्यायचे. १९५१ ला गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ ला, स्वतःच्या ओळी छापलेल्या त्यांनी बघितल्याच नाहीत. एकीच्या ओळी दुसरीच्या नावावर घातल्या की दोघींवर अन्याय होतो, साडेअकरा हजारांसारखं पाच महिन्यांनी ते परत येत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत मी आठ पोरापोरींना घेऊन गाडी केली. पहाटे निघून कन्नडचा घाट चढलो, शिऊरची समाधी बघितली, परत घाट उतरून दुपार कलताना जळगावच्या चौधरी वाड्यात, जिथे बहिणाबाई चौधरींच्या घरातल्या, शेतातल्या वापरायच्या वस्तू जपून ठेवल्यात, आणि तिथून आसोदा. घाटाच्या वर एक, घाटाच्या खाली एक. गाडीत एका मुलीने वहीत दोन्ही नावं लिहून मधे घाटाची वाकडी रेघ काढली होती, ती वही अजून वर्गात ठेवलीय, नवीन पोरं आली की आधी तीच दाखवतो.