हजेरी वहीत नाव नसलेल्या मजुराचा हक्क

प्रश्न : माझे पती (वय ३५) सेंट्रिंगचे काम करतात. आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. सोलापुरातल्याच एका ठेकेदाराने त्यांना पुण्यातील एका मोठ्या इमारतीच्या साइटवर नेले होते. हजेरी रोज ७०० रुपये होती. ११ मार्च २०२५ रोजी परांचीची फळी निसटून ते दुसऱ्या मजल्यावरून पडले. खुबा आणि टाच अशी दोन हाडे मोडली. ठेकेदाराने ऑपरेशनचा खर्च केला, वर ४०,००० रुपये दिले आणि ‘यापुढे काही मागणार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर पतींचा अंगठा घेतला. आता ते काठी घेऊन चालतात, चढउतार करू शकत नाहीत. ठेकेदाराचे म्हणणे असे, की ते रोजंदारीवर होते, वहीत नाव नाही आणि हेल्मेट-बेल्टही घातला नव्हता. बिल्डर भेटतच नाही. आम्हाला काही मागता येईल का? पुण्याला चकरा मारणे आम्हाला परवडणारे नाही.

उत्तर : मागता येईल, आणि तेही सोलापुरात राहून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असली, तरी भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण होत असल्याने तुमच्या प्रकरणाला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ लागू होतो. अर्ज अपघात जिथे घडला तिथे करता येतो, तसाच जखमी कामगार नेहमी जिथे राहतो तिथल्या, या कायद्याखाली भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांपुढेही करता येतो. हे आयुक्त म्हणजे न्यायाधीशच असतात. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे १० मार्च २०२७ पूर्वी अर्ज दाखल झाला पाहिजे. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, परंतु त्या भरवशावर राहू नये.

स्टॅम्प पेपरला घाबरण्याचे कारण नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्याच्या कलम १७ नुसार रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल, तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते आणि रक्कम फारच तोकडी वाटल्यास ते ती नोंद नाकारू शकतात. उलट माझ्या मते तो कागद तुमच्याच कामाचा आहे. ज्या माणसाशी आपला काही संबंध नाही, त्याला कोणी ४०,००० रुपये देऊन अंगठा घेत नाही. अशा दाव्यांत रकमेचा हिशेब सोपा असतो, खरा कस लागतो तो ‘हा माझा मजूर नव्हेच’ या ठेकेदाराच्या बचावापुढे, आणि इथे तर ठेकेदाराने स्वतःच त्या नात्याची लेखी कबुली करून ठेवली आहे. मूळ प्रत त्याच्याकडे असेल आणि तुमच्याकडे मोबाइलमध्ये केवळ फोटो असेल, तर तो फोन विकू किंवा बदलू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. बँक खात्यात किंवा फोनवर आलेली हजेरीची रक्कम, रुग्णालयाच्या कागदांवर दाखल करणारा म्हणून असलेली ठेकेदाराची किंवा मुकादमाची सही, साइटचा गेटपास आणि त्या दिवशी सोबत असलेल्या दोघा-तिघा मजुरांची नावे हे सारे आताच गोळा करावे. साइट संपली की मजूर पांगतात आणि मग साक्षीला माणूस मिळत नाही.

‘रोजंदारीवर होता’ या बचावात आता दम राहिलेला नाही. पूर्वी नैमित्तिक मजुराला या कायद्याच्या व्याख्येतून वगळले होते, ती तरतूद २००० साली काढून टाकण्यात आली. हेल्मेट-बेल्टचा मुद्दाही तपासून पाहावा लागेल. मालकाने सुरक्षेची साधने दिली होती, ती वापरण्याचा स्पष्ट आदेश दिला होता आणि कामगाराने तो जाणूनबुजून मोडला, एवढे सारे सिद्ध झाले तरच मालक सुटतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर हा बचाव मुळीच चालत नाही. फळीच निसटली असेल, तर दोष मजुराचा कसा, हे ठेकेदारालाच सांगावे लागेल.

बिल्डरलाही अर्जात प्रतिवादी करा. इमारती बांधणे हाच त्याचा धंदा असल्याने ठेकेदाराच्या मजुराची भरपाई कलम १२ प्रमाणे थेट त्याच्याकडून मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. कामगारांसाठी विमा काढलेला असल्यास विमा कंपनीलाही सामील करावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ठरवून दिल्याप्रमाणे भरपाई आणि व्याज विमा कंपनीने द्यायचे असते, दंडाची रक्कम मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून भरायची असते.

आता रकमेकडे वळू. ७०० रुपयांच्या हजेरीने २६ दिवसांचे १८,२०० रुपये होतात, परंतु हिशेबासाठी मासिक वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९,०००, त्याला ३५ व्या वर्षासाठी परिशिष्टात दिलेल्या १९७.०६ या अंकाने गुणले की १७,७३,५४० रुपये येतात. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. अपंगत्व अंशतः असल्यास कमाईची क्षमता जितके टक्के घटली, तितका तिचा भाग मिळतो. समजा ४० टक्के ठरले, तर ७,०९,४१६ रुपये.

इथे एक चूक फार वेळा होते. डॉक्टर दाखल्यावर शरीराच्या अपंगत्वाचे टक्के लिहितात आणि वकीलही तोच आकडा अर्जात उतरवतात. कायदा विचारतो तो कमाईच्या क्षमतेबद्दल. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तो पुन्हा सुतारकाम करू शकत नाही म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबत या खटल्यात मान्य केले. हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण होतो, हेही त्याच निकालात आहे. तुमच्या पतींना परांचीवर चढताच येत नसेल, तर सेंट्रिंगचा धंदा त्यांच्यासाठी संपला. हे दाखल्यात स्पष्ट लिहून घ्यावे आणि त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे.

मूळ रकमेवर १२ टक्के दराने व्याज मागा. महिन्याभरात पैसे न देण्याला सबळ कारण नसेल, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. उपचाराचा खर्च हे मालकाचे वेगळे देणे असल्याने ऑपरेशनचे बिल भरपाईतून वजा करता येत नाही. राहिले ते ४०,००० रुपये. नोंद न झालेल्या करारापोटी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावट आयुक्तांनी तसा आदेश दिल्याशिवाय मालकाला मिळत नाही.

पोलिसांत तक्रार अजूनही देता येईल. निष्काळजीपणाने जिवाला धोका पोहोचवणे आणि बांधकामाबाबत निष्काळजीपणा हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ आणि २९० खालील गुन्हे आहेत. गुन्हा सोलापुरातल्या ठाण्यातही नोंदवता येतो, तपास मग पुण्याकडे वर्ग होतो. फौजदारी खटल्यातून तुमच्या हाती फारसे पैसे येणार नाहीत, परंतु पंचनामा आणि जबाब भरपाईच्या दाव्यात उपयोगी पडतात. दिवाणी न्यायालयात वेगळा नुकसानीचा दावा लावण्याचा मार्गही आहे, मात्र दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. त्या दाव्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत असल्याने तो मी सुचवणार नाही.

वकिलाच्या खर्चासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कामगाराला आणि अपंग व्यक्तीला तिथे विनामूल्य वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती घेता येते. मिळणाऱ्या रकमेतील टक्केवारीवर दावा घेणाऱ्यापासून दूर राहा. वकिलाने तशी बोली करणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्ध आहे.

प्रश्न : विजापूर रोडला मी स्वतःचे घर बांधून घेत आहे. ठेकेदाराचा एक गवंडी पडून जखमी झाला आणि ठेकेदार आता फोन उचलत नाही. जबाबदारी माझ्यावर येते का?

उत्तर : कलम १२ खाली जबाबदारी येण्यासाठी ते काम मालकाच्या धंद्याचा भाग असावे लागते. तुमचा धंदा बांधकामाचा नसल्याने ती सहसा ठेकेदारावरच राहते. मात्र मजूर तुम्हीच रोजाने लावले असतील आणि ठेकेदार केवळ देखरेख करत असेल, तर मालक तुम्हीच ठरू शकता. ठेकेदाराशी झालेला लेखी करार आणि त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या जपून ठेवा. जखमी गवंड्याला ठेकेदाराचे नाव-पत्ता लेखी द्या, म्हणजे त्याचा दावा योग्य माणसावर लागेल.

प्रश्न : बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असेल, तर ठेकेदाराकडून भरपाई मिळत नाही, असे आमचा मुकादम सांगतो. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. मंडळाचे अर्थसाहाय्य बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून दिले जाते, ठेकेदाराच्या खिशातून नव्हे. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५,००,००० रुपये, ७५ टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास २,००,००० रुपये अशी ही मदत आहे, आणि ती भरपाईहून वेगळी असते. अपघातानंतर केलेली नोंदणी मात्र त्या अपघातासाठी उपयोगाची नाही. वय १८ ते ६० असलेल्या आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कोणालाही नोंदणी करता येते. त्या ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही असते, म्हणून उद्या ‘हा माझा मजूर नव्हेच’ म्हणणाऱ्यापुढे तोही ठेवता येतो.