झाडांवरच्या संशोधनाला पैसे कोण देणार?

प्रश्न: माझी मुलगी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. पावसाळ्यात रस्त्यावरची झाडं का पडतात, यावर तिला संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, याला पैसे कोण देणार? तिला बी.एड.कडे वळवू का? – एक आई

उत्तर: ताई, बी.एड.चा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न अगदी खरा आहे.

गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीतला गुलमोहर पडला. वरून हिरवागार होता. बुंध्यापाशी जाऊन बघितलं, तर एका बाजूची मुळं केबलच्या चरासाठी सरळ रेषेत कापलेली, टोकं काळी पडून कुजलेली. दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक थेट सालीला भिडलेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. पण नाशिकच्या काळ्या मातीत कडुनिंबाला किती जागा पुरते? हे कुणीतरी मोजायला हवं, आणि ते काम तुमची मुलगी करू शकते.

आता पैशांचं. आपल्याकडे झाडं लावायला पैसा निघतो. 2020 मध्ये केंद्राने नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा पुण्यातल्या वारज्याचं वन नमुना म्हणून पुढे आलं होतं. लावलेलं झाड जगवायला मात्र हात आखडतो, आणि त्याचा अभ्यास करायला तर फारच. म्हणून ‘शहरी झाडं’ अशा नावाची शिष्यवृत्ती शोधत बसू नका. तिने आधी एम.एस्सी. करावं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात वनशास्त्राचं एम.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांना तिथे प्रवेश परीक्षा देता येते. मग जीवशास्त्रातून सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी शिष्यवृत्ती, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. तुमच्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिपही बघून ठेवा. या सगळ्यात विषय तिचा तिला निवडता येतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

निव्वळ झाडांच्या निगेवरच्या संशोधनाला पैसे देणारी संस्थाही आहे, अमेरिकेत. ‘ट्री फंड’ तिचं नाव, 2002 मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. तिथले वृक्षतज्ज्ञ दरवर्षी लांब पल्ल्याची सायकलफेरी काढून तिच्यासाठी निधी जमवतात. मुळं, माती, छाटणी, झाड पडण्याचा धोका, हेच तिचे विषय. पण हे अनुदान संशोधन प्रकल्पाला मिळतं, कॉलेजच्या फीला नाही. म्हणजे तो पीएच.डी.नंतरचा, चांगल्या मार्गदर्शकासोबतचा टप्पा. तेव्हा अर्ज करताना आपल्याकडे आधीची माहिती हाताशी असलेली बरी.

ती माहिती गोळा करायला आजपासून लागता येईल. कॉलेजच्या रस्त्यावरची वीस झाडं निवडायची. प्रत्येकाची जात, जमिनीपासून 1.37 मीटरवर खोडाचा घेर, बुंध्याभोवती मोकळी माती किती, खणल्याच्या खुणा, ढोली, बुंध्यावर उगवलेली अळंबी, सगळं तारखेसह वहीत. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. महापालिकेच्या उद्यान विभागात जाऊन वृक्षगणनेची नोंदही मागावी. 1975 च्या वृक्ष कायद्याने ही गणना पालिकेवर बंधनकारक आहे.

घेर मोजायला शिंप्याची टेप चालते. वड-पिंपळाला ती पुरणार नाही, तिथे सुतळी गुंडाळून मग टेपवर मोजायची.