शीआननंतर त्या फौजांचं काय झालं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. शीआन प्रकरणावरचं, म्हणजे ‘कम्युनिस्टांशी लढणं थांबवा, जपान्यांशी लढा’ म्हणत चीनच्या सत्ताधीशाला त्याच्याच सेनापतींनी कैद केलं त्यावरचं, तुझं टिपण वाचलं. 12 डिसेंबर 1936 ची पहाट, लिनथोंगच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी उतरलेला सत्ताधीश चांग कै-शेक, मागच्या डोंगरात झालेली त्याची धरपकड, 25 तारखेची सुटका, सगळं नीट मांडलं आहेस. पण तिथेच थांबलीस. बहुतेक लिहिणारे तिथेच थांबतात. तू 26 तारखेपासून पुढे वाच. ज्यांनी हे धाडस केलं त्या दोन फौजांचं, म्हणजे चांग श्वेलियांगच्या ईशान्य सेनेचं आणि यांग हूचंगच्या शेन्सी प्रांतातल्या सेनेचं, पुढे काय झालं ते शोध.

त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल. सप्टेंबर 1931 मध्ये जपान्यांनी मांचुरिया, म्हणजे या ईशान्य सेनेचा मूळ मुलूख, घ्यायला सुरुवात केली आणि चांग श्वेलियांगची फौज न लढता मागे सरली. तू याला ‘मायभूमी गेली’ म्हणतेस. खरं आहे, पण सारा गेला, जकात गेली, तिथल्या शेनयांग शहरातला तोफा-बंदुकांचा प्रचंड कारखाना गेला, हेही लिही. लाखाहून जास्त शिपाई आणि पोटाला स्वतःचा मुलूख नाही! तेव्हापासून ही फौज नानकिंगच्या, म्हणजे चांग कै-शेकच्या सरकारच्या, पगारावर जगली. 1935 साली तिला वायव्येत कम्युनिस्टांवर धाडलं. तिथे 110 वी आणि 109 वी डिव्हिजन पाठोपाठ बुडाल्या, आणि त्या पुन्हा उभ्या करायला नानकिंगने पैसा दिला नाही. सैनिकांची देशभक्ती खोटी नव्हती, पण त्यांच्या संतापाला हिशेबाचीही बाजू होती. तुझ्या टिपणात ती कुठेच नाही.

आता 25 डिसेंबर. चांग श्वेलियांग स्वतःहून सुटलेल्या चांग कै-शेकबरोबर विमानात बसला. नानकिंगला लष्करी न्यायालयाने 10 वर्षांची शिक्षा दिली, चार दिवसांत माफीही मिळाली, आणि माफी मिळालेला हा माणूस पुढची पन्नासेक वर्षं नजरकैदेत राहिला. तू त्याच्यावर पानं खर्च केली आहेस. मला ती थोडी कमी चालतील. जाताना त्याने फौज यू श्वेचुंगच्या हाती सोपवली, तिकडे बघ. हा मूळचा वू पेइफू या दुसऱ्या लष्करी सरदाराकडचा माणूस, मागाहून आलेला. जुन्या ईशान्यवाल्यांना तो आपला वाटेना. ज्या फौजेत निष्ठा सेनेवर नसून घराण्यावर असते, तिथे हा प्रश्न साधा नसतो.

जानेवारी 1937 मध्ये नानकिंगने पर्याय पुढे ठेवले: वायव्येतच मागे सरका, नाहीतर पूर्वेकडे होनान-आन्हवेईत जा. वडीलधारे सेनापती तडजोडीला तयार होते. तरुण अधिकारी म्हणत होते, आधी आमचा सेनापती चांग श्वेलियांग परत द्या. 2 फेब्रुवारीला याच तरुणांनी 67 व्या आर्मीचा सेनापती वांग यीचे याला आजारी असताना घरात घुसून गोळ्या घातल्या. सूड म्हणून याच फौजेतल्या लिऊ तुओछुआनने काओ फूयुआनला मारलं. कम्युनिस्टांच्या लाल सेनेशी पहिला दुवा जोडणारा अधिकारी तो हाच. आपसात रक्त सांडल्यावर वायव्येत राहण्याची गोष्टच संपली. फौज पूर्वेकडे निघाली, आणि एकेक आर्मी थेट केंद्राच्या हुकुमाखाली, वेगवेगळ्या ठिकाणी गेली. नानकिंगला तिच्याशी लढावंही लागलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. 12 डिसेंबरची ती पहाट नव्हे.

यांग हूचंगला परदेशी पाठवलं. 1937 मध्ये जपानशी युद्ध पेटल्यावर तो परतला तो थेट तुरुंगात, आणि सप्टेंबर 1949 मध्ये चोंगचिंगला त्याला मारण्यात आलं. त्याची फौज 38 वी आर्मी म्हणून पीत नदीकाठच्या चोंगत्याओ डोंगरात जपान्यांशी लढली.

‘ईशान्य सेना नाहीशी झाली’ हे तुझं वाक्य मात्र खोड. 67 वी आर्मी नोव्हेंबर 1937 मध्ये शांघायजवळ सोंगच्यांगला लढताना मोडली, सेनापती वू ख-रन मारला गेला, आणि तो क्रमांकच रद्द झाला. 53 व्या आर्मीतला ल्यू चंगत्साओ आपली रेजिमेंट घेऊन माघारीतून वेगळा झाला आणि मध्य हपेईत कम्युनिस्टांना मिळाला. (आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस ज्या सीमाप्रदेशात 1942 साली वारले, त्याचाच हा एक भाग. त्यामुळे तो नकाशा तुला मराठीतही थोडाफार सापडेल.) उरलेली 53 वी आर्मी 1944 मध्ये युन्नानमधून साल्वीन नदी ओलांडून तेंगचोंग शहरावर चालून गेली, युद्धानंतर ईशान्येत परतली, आणि नोव्हेंबर 1948 मध्ये शेनयांगमध्ये कम्युनिस्टांना शरण गेली. 1931 मध्ये हातचं गेलेलं शहर तेच.

म्हणून काम असं कर. एका मोठ्या कागदावर 1937 ते 1949 ची वर्षं आडवी लिही, उभे 49, 51, 53, 57, 67 आणि 38 हे क्रमांक. प्रत्येक चौकोनात तीनच नोंदी: मुक्काम कुठे, हुकूम कुणाचा, पगार कुणाचा. मोकळे चौकोन मोकळेच ठेव, अंदाजाने भरू नकोस. आठवणींच्या पुस्तकांवर फार विसंबू नकोस. तैवानमधला आणि बीजिंगमधला लेखक एकाच रात्रीबद्दल वेगवेगळं सांगतो, आणि दोघांनाही नोकरी सांभाळायची असते. 51 व्या आर्मीपासून सुरुवात कर. तिचा मागोवा सोपा आहे. तक्ता अर्धा झाला तरी घेऊन ये.

तुझे सर