नोव्हेंबरात कुत्र्यांना माळावर न्यायचंय, काय काय सांभाळावं?

तुम्ही चार मित्र, तीन कुत्री (दोन लॅब्रेडॉर, एक देशी), सासवडच्या बाजूच्या माळरानावर अर्धा दिवस पायी भटकायचा बेत, आणि काय तयारी करावी हा प्रश्न.

ऊन आणि पाणी सगळ्यांना सुचतं. या दिवसांत जास्त छळतं ते कुसळ. पावसाळ्यात हिरवंगार दिसणारं कुसळी गवत दिवाळीच्या सुमारास वाळतं आणि त्याची कुसळं अंगाला लागायला लागतात. एक कुसळ हातात घेऊन नीट बघा. टोक सुईसारखं, त्याला लागून मागे वळलेली तांबूस लव, आणि मागे पीळ पडलेली लांब काळपट शेपटी. ओल लागली की हा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. त्या फिरण्याने टोक आत सरकतं, आणि लव उलटी असल्यामुळे मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात घुसलेलं कुसळ कातडीखाली जाऊन गळू करतं, ते असं.

म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी पंजाच्या बोटांमधले केस कापून घ्या. माळावर दर अर्ध्या तासाने थांबून चारही पंजांची बोटं फाकवून बघा. मग काखा, जांघा, कानाच्या पाळीची आतली बाजू, शेपटीखाली. लॅब्रेडॉरच्या दाट केसांत डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपावं लागतं. केसांत अडकलेलं कुसळ टोकाच्या उलट बाजूने, मुळाशी धरून सरळ ओढा, नुसती शेपटी ओढली तर ती तुटून हातात येते. कुत्रं एकाएकी लागोपाठ शिंकायला लागलं, मान एका बाजूला कलती ठेवून कान झटकू लागलं किंवा एक डोळा मिटून राहिलं, तर नाकात, कानात किंवा डोळ्यात कुसळ गेलंय असं समजा. तिथे चिमटा घालू नका. थेट डॉक्टर. रोजच्या पायवाटेने, गवत टाळून चाललात तर यातलं निम्मं टळतं.

लीश सहा फुटांची साधी घ्या, आपोआप गुंडाळणारी नको, आणि ती गळपट्ट्याला न लावता हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावा. कुत्री एकमेकांना नवीन असतील तर सुरुवातीची दहा मिनिटं पंधरा-वीस फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा, हुंगाहुंगी नंतर. एका कुत्र्यामागे एक माणूस, चौथ्याने मोकळं राहून पुढची वाट बघायची. धनगरांचा कळप दिसला की वाट सोडून शंभरेक फूट बाजूला जा आणि कळप जाईपर्यंत कुत्री बसवून ठेवा. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळू नका. लीश आखूड धरा, मध्ये तुम्ही उभे राहा. नुसतं दगड उचलायला वाकलं तरी ती बहुतेक मागे हटतात.

कुत्री मोकळी सोडू नका, हे मी आग्रहाने सांगेन. या माळांवर लांडगे आणि खोकड राहतात. कुत्र्यांचा डिस्टेंपर (विषाणूचा जीवघेणा आजार) त्यांना होतो आणि त्यांना लस कोण देणार? लसीकरण (रेबीज, डिस्टेंपर, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस) पूर्ण नसेल तर जाऊच नका. विष्ठा उचलून परत आणा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य वगळा, तिथे कुत्री न्यायची नसतात.

उजाडल्यावर निघा, दहा-साडेदहाला परत. शहरातल्या कुत्र्यांना पहिल्यांदा सहा-सात किलोमीटर पुरे. दर कुत्र्यामागे एक लिटर पाणी आणि घडीचं भांडं. डबक्यातलं पाणी पाजू नका, लेप्टो अशा पाण्यातूनही येतो. निघण्याआधीच्या तीन तासांत जेवण नको. लॅब्रेडॉर माणसासाठी दमेपर्यंत चालतो, स्वतःहून थांबत नाही. जीभ रुंद होऊन लोंबली, हिरड्या गडद लाल झाल्या, पाय लटपटले की तिथेच सावलीत थांबा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. थोडा गारवा आला की डॉक्टरांकडे हलवा.

साप चावल्याचा संशय आला तर कापणं, बांधणं काही नको. कुत्र्याला चालू न देता उचलून गाडीत घाला. प्रतिविष असलेल्या जवळच्या पशुवैद्यकाचा फोन नंबर आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

घरी आल्यावर गोचिडांसाठी अंग तपासा. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, जेवण सोडणं, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर रक्त तपासून घ्या आणि माळावर नेलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.