निवडणूक न घेता चालणारं सरकार वैध म्हणता येतं का?

हो येतं, पण राज्य करायचा हक्क यांचाच असं तिथल्या लोकांना मनातून पटलेलं असेल तरच. भूतानमध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक २००८ मध्ये झाली, तोवर राजालाच बहुतेक लोक मानायचे. नागपूरला हा विषय शिकवताना मी उदाहरण इथलंच देते, १८५३ ला इथले राजे तिसरे रघुजी भोसले वारले, मुलगा नव्हता, राजघराण्याने रीतीप्रमाणे दत्तक घेतला म्हणजे इथल्या परंपरेने वारस ठरला, पण ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानलाच नाही, १८५४ ला राज्य खालसा करून टाकलं आणि राजवाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात काढले. हुकूम कंपनीचा चालला, हक्क मात्र लोकांना पटला नाही. फक्त लोक गप्प आहेत म्हणजे त्यांना मान्यच आहे असं धरू नका, विरोधात बोलणाऱ्याचं तिथे काय होतं ते आधी बघा.